पुलाच्या पलीकडे थांबणारी माणसं

लग्न होऊन मी तंजावूरला आले, त्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं मला पूल ओलांडायला शिकवलं. वरुणरावांचं राजवाड्यामागच्या गल्लीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. खेड्यांतल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात आणि ते दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसतात. बोलणं बेताचं. पण त्या दिवशी कालव्यावरच्या लोखंडी पुलापाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथं जोडीनं पाऊल टाकायचं नाही. तू तुझ्या पावलानं ये, मी माझ्या पावलानं येतो." मी नवी नवरी. मला वाटलं, आई-वडिलांनी माझ्या गळ्यात काय बांधलं हे.

मग कारण कळलं. त्यांचे आजोबा रघुपतिराव दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. शेकडो माणसं एका तालात चालली की पूल हलायला लागतो, म्हणून पुलावर ताल मोडायचा, एवढं त्यांनी नातवाला शिकवलं. बाकी युद्धाबद्दल त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. पूल संपला की आजोबा वळून उभे राहायचे, मागचं शेवटचं माणूस येईपर्यंत. गुडघा दुखतो म्हणून थांबतात, असं घरानं ठरवून टाकलं होतं. आजोबा एक्याण्णव साली गेले, पण तो गुडघा घरात राहिला. आजोबांच्या तिथीला दरवर्षी संध्याकाळी वरुणराव मला आणि दोघी मुलींना त्या पुलावर नेतात. चौघं चार तऱ्हांनी चालतो आणि पलीकडे पोचल्यावर बापलेकी आजोबांसारख्या वळून उभ्या राहतात. श्राद्धाचा स्वयंपाक करून माझे पाय मोडलेले असतात, म्हणून मी मागूनच ओरडते, "झाला का गुडघा? चला आता."

यंदा आमची थोरली, साईप्रिया, दहावीत आहे. शाळेनं सांगितलं, पंधरा ऑगस्टला ज्यांच्या घरात कोणी सैन्यात होतं त्यांनी फोटो किंवा पदक आणून दोन मिनिटं बोलायचं. वरुणराव इतके खूश झाले की दुकान अर्धा दिवस बंद ठेवून माळा धुंडाळत बसले. पत्र्याच्या पेटीत आजोबांचा चष्मा निघाला, पंचांगं निघाली, एक गंजलेला पाना निघाला. फोटो नाही, कागद नाही. पदक तर आजोबांनी आणलंच नव्हतं म्हणे.

रात्री जेवताना साईप्रियानं हळूच विचारलं, "अप्पा, पणजोबा खरंच मिलिटरीत होते का?"

"होते की."

"मग काहीच कसं नाही? मी काय म्हणून सांगू तिथं?"

वरुणरावांनी ताकभात तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले. मला मुलीचा राग आला, त्यांचाही आला, आणि सगळ्यांत जास्त त्या म्हाताऱ्याचा आला. एवढं मोठं काम करून आला आणि नातवाच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. धाकटी हरिप्रिया आमच्या तोंडांकडे बघत पापड मोडत राहिली. नाव देऊ नकोस, असं मीच साईप्रियाला सांगितलं.

पुढच्या रविवारी तिच्या एनसीसीच्या मुली संचलन करत त्याच कालव्याच्या काठानं निघाल्या. तुकडीच्या पुढे साईप्रिया. शिकवायला येणारे शिवकुमार सर, सैन्यातले निवृत्त हवालदार, सगळ्यांत मागे होते, बूट चावल्यामुळे लंगडणाऱ्या एका मुलीबरोबर.

संध्याकाळी ते सर आमच्या दारात उभे. कॉफीचा डवरा-पेला हातात दिला तरी ते पीत नव्हते.

"पुलापाशी हिनं तुकडी थांबवली आणि ताल मोडायला सांगितला," ते तमिळमध्ये म्हणाले. "ते मीही सांगणार होतो, ते शिकवलेलंच असतं. पण पूल ओलांडल्यावर ही पलीकडे वळून उभी राहिली. सगळ्या पुढे गेल्या, ही जागची हलली नाही. मी आणि ती लंगडी पोर पोचलो, तेव्हा निघाली. हे हिला कोणी शिकवलं?"

वरुणराव ओशाळले. "ते काही नाही, सर. माझ्या आजोबांचा गुडघा दुखायचा. ते थांबत होते, ते पाहून मीही थांबायला शिकलो, मला पाहून पोरी."

सर हसले नाहीत. "तुमचे आजोबा सैन्यात कशात होते?"

"पूल बांधायचे. ब्रह्मदेशात."

"मग तो गुडघा नव्हे," सर म्हणाले. "मीही त्याच कामात होतो. पूल बांधला म्हणजे काम संपत नाही. शेवटचा माणूस पलीकडे आला की संपतं. माझे सुभेदार निवृत्त झाल्यावर बायकोबरोबर देवळात जायचे, तेव्हाही पुलावर असेच थांबायचे."

वरुणराव मान खाली घालून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. साईप्रिया त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला मात्र माझीच लाज वाटली. वीस वर्षं मी त्या माणसाच्या कामाला गुडघा म्हणत आले होते.

पंधरा ऑगस्टला बाकीच्या मुलांनी चौकटीतले फोटो आणले होते. साईप्रियानं शेवटी नाव दिलं होतं; ती रिकाम्या हातानं उभी राहिली. "आमच्याकडे फोटो नाही, पदक नाही," ती म्हणाली. "पणजोबा पुलावर थांबायचे. आम्ही अजून थांबतो." दोन मिनिटं काही झाली नाहीत, पण वरुणरावांनी घरी आल्यावर दोनदा ताकभात घेतला.

आश्विनात आजोबांची तिथी आली. श्राद्ध झालं, संध्याकाळी आम्ही पुलावर गेलो. कालवा काठोकाठ भरून वाहत होता. माझे पाय नेहमीसारखेच दुखत होते आणि हातात देवळात द्यायच्या नारळांची पिशवी होती. अर्ध्या पुलावर येऊन वर बघितलं, तर तिघं पलीकडे पोचून माझ्याकडे तोंड करून उभी होती. इतकी वर्षं मी त्यांच्यावर ओरडत होते आणि ती थांबत होती माझ्यासाठी. दर खेपेला शेवटचं माणूस मीच होते.

मी ओरडले नाही. माझ्या पावलानं, सावकाश, पूल पार केला. मी पोचल्यावर वरुणरावांनी पिशवी घेतली आणि मगच तिघं वळली.