दोन वर्षांची खुर्ची

बाबा हायकोर्टाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले, त्याच दिवशी नागपुरात धंतोलीतल्या आमच्या घरावरची वकिलीची पाटी उतरली. पक्षकार ज्युनिअरांकडे गेले, पाठोपाठ कायद्याची पुस्तकंही. नेमणूक दोनच वर्षांची होती; पण मुदत संपली की कायम करायचं, असा रिवाज होता. कायम करणं दिल्लीच्या मर्जीवर आहे, हे सगळे वकील जाणत होते आणि भीती एकालाही वाटत नव्हती. धन्य ती हुशारी!

त्यांच्यासोबत त्यांचे एक वर्गमित्रही असेच नेमले गेले. मी त्यांना काका म्हणायची. दोघंही रामटेककडचे, घरात गावचंच बोलायचे. दर रविवारी काका आमच्याकडे पोहे खायला येत आणि मिरच्या वेचून बशीच्या कडेला ठेवत.

मग आणीबाणी आली. बिनचौकशी तुरुंगात डांबलेल्या एका शिक्षकाचा अर्ज या दोघांपुढेच आला. दोघांचीही मुदत संपत आली होती. कोर्टाचं बोलणं घरात व्हायचं नाही, पण त्या रविवारी झालं. "याले सोडाच लागते," काका म्हणाले. "सरकारच्या कागदात काहीच दम नाही."

बाबांनी सुटकेचा हुकूम लिहिला. काकांनी उलट मत दिलं: सरकारची खात्री झाली असेल, तर कोर्टाने त्यात पडू नये. प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशाकडे गेलं आणि शिक्षक आतच राहिला.

काका कायम झाले. बाबांची मुदत नुसती संपू दिली. नकार नाही, कारण नाही. गाडी आणि शिपाई परत गेले. बाबा पुन्हा वकिलाचा गाऊन चढवून त्याच कोर्टात उभे राहू लागले, तेव्हा जुने पक्षकार नजर चुकवायचे. दिल्लीचा मला फारसा राग आला नाही. सरकार सरकारसारखंच वागलं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि त्याने माझ्या जिवाची आग आग झाली.

एका रविवारी काका पेढे घेऊन आले. आईने पुड्याला हात लावला नाही.

"तुयं बरोबर होतं गा," काका खाली बघत म्हणाले.

"मंग लिहिलं काहून नाही?"

"मी बी गेलो असतो, तर त्या खुर्चीत कोन बसलं असतं? त्यायचाच मानूस."

बाबांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मंग आता कोन बसून राहिला?"