रणगाड्यातला ठोंब्या

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. मागे हीच गोष्ट सांगत होते तेव्हा शेजारच्या दमयंतीबेनच्या नाकातून चहा आला होता.

तर माझा घोटाळा झाला तो व्हिडिओ गेममध्ये. हो, व्हिडिओ गेम! पन्नाशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई आणि व्हिडिओ गेम! काय करता?

पण मी काही आजची खेळाडू नाही हं. आम्ही लहान असताना मामाने टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणलं होतं. त्यात पिवळ्या कॅसेटी घालायच्या आणि गेम सुरू झाला नाही की कॅसेटीवर फुंकर मारायची. त्यात एक टँकवाला गेम होता. विटांच्या भिंती, खाली मधोमध आपलं निशाण, वरून शत्रूचे रणगाडे येणार आणि दोघांनी मिळून ते निशाण राखायचं. मी आणि माझा भाऊ शिरीष. बडोद्याच्या अख्ख्या प्रतापनगरात आमच्या जोडीला तोड नव्हती, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगत आले.

पुढे शिरीष कॅनडाला गेला, यंत्र भंगारात गेलं आणि माझ्या वाट्याला लसावि-मसावि आले.

आता आमच्या मुक्ताचं सांगते. ती मकरपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथेच तिचं आणि हार्दिकचं जमलं. मुलगा डभोईचा, गुजराती, गुणी. आमची ना नव्हतीच. फक्त दोन्ही घरचे आईवडील एकमेकांना अजून भेटायचे होते.

त्या हार्दिकला माझं टँकपुराण कळलं. एक दिवस आला तो मोठं खोकं घेऊन. "मासी, मी नवीन यंत्र घेतलं, ते डभोईला घरी ठेवलंय. हे माझं जुनं तुमच्यासाठी. तुमचा टँकवाला गेम त्यांनी आता नव्याने बनवलाय."

"कॅसेट कुठाय?"

"कॅसेट नसते आता. सगळं आतच असतं."

"मग फुंकर कुठे मारायची?"

बिचारा हसला नाही. होणारी सासू ना!

पण काय तो थाट हो! आमच्या वेळचा टँक म्हणजे काडेपेटीला चिकटवलेली काडी. इथे चिखल उडतोय, भिंत पडली की धुरळा, पाऊससुद्धा पडतोय! मी तर दोन मिनिटं टँक नुसता भिजत ठेवला.

"दोघांनी खेळायचा मासी," हार्दिक म्हणाला. "बरोबर कुणी नसेल तर दुसरा टँक कॉम्प्युटर चालवतो. आणि हे हेडफोन लावा, म्हणजे काकांना आवाजाचा त्रास नको."

हेडफोनला तोंडापुढे एक दांडी आली होती. ती कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण गणिताच्या बाईला प्रश्न घालायची सवय, विचारायची नाही!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, हेडफोन चढवले आणि बसले. थोड्या वेळाने पडद्यावर दुसरा टँक आला. म्हटलं, आला कॉम्प्युटर. तर तो सुटला की नाक वर करून थेट शत्रूकडे! निशाण उघडं!

"अरे, मागे ये ना!" मी ओरडले. "निशाण कोण बघणार, तुझा काका?"

आणि काय सांगू, कानात चक्क आवाज आला. भारदस्त, पुरुषी. "हुं आगळ छूं, तमे पाछळ जुओ ने!" म्हणजे मी पुढे आहे, तुम्ही मागे बघा!

मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात धावले. "अहो, ऐकलंत का? ह्यांनी गेममध्ये गुजराती घातलीये!"

आमचे हे वांगी चिरत होते. म्हणाले, "बडोद्यात विकायचं तर घालावीच लागणार."

पटलं मला! तुम्हाला नसतं पटलं? हल्ली फोन बोलतो, लिफ्ट बोलते, मग टँकने का गप्प बसावं?

मग रोजचंच झालं ते. आणि त्या नव्या गेमवाल्यांचं कौतुक किती करू! काय बारकावे! एकदा ऐन लढाईत तो आवाज म्हणाला, "सांभळो छो? चा मूकजो जरा!" रणगाड्यातला शिपाई चहा टाकायला सांगतोय! माझं मन भरून आलं. माणूसच आहे तो, किती वेळ लढणार? एकदा लांबून शिट्टी ऐकू आली. मी ओरडले, "बॉम्ब पडतोय, भिंतीआड हो!" ती कुकरची होती, हे आता कळतंय.

त्या जोडीदाराचं मी नाव ठेवलं ठोंब्या. "ठोंब्या, डावीकडे! डावीकडे म्हणजे ज्या हाताने जेवत नाहीस तो हात!" "ठोंब्या, ती आपलीच भिंत फोडलीस की रे!" तोही बोलायचा, "हा, हा, जाऊं छूं." कधीकधी माझं सहामाहीचे पेपर तपासून डोकं उठलेलं असायचं. मग मी म्हणायचे, "ठोंब्या, आज तूच पुढे हो बाबा, माझ्यात जीव नाही." आणि तो खरंच पुढे व्हायचा. खोटं कशाला बोलू, शिरीष गेल्यापासून असा जोडीदार मिळाला नव्हता.

अशात तो रविवार आला. हार्दिकचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. मुक्ताने सकाळपासून माझा वर्ग घेतला.

"आई, त्याचे पप्पा फार कमी बोलतात. खतांचं दुकान आहे, डभोईत मान आहे त्यांना. तू शाळेतल्यासारखं बोलू नकोस हं."

"मी कधी बोलते तसं?"

"हे आत्ता बोललीस तसं!"

मी श्रीखंड घोटायला घेतलं. पोरीचं सगळं छान चाललेलं, आपल्या जिभेने काही विस्कटू नये, एवढंच मनात होतं.

ते आले. जयंतीभाई उंच, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. कोकिलाबेन हसऱ्या. जयंतीभाईंनी हात जोडले. "जय श्री कृष्ण."

अरेच्चा! हा आवाज!

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? गप्प राहिली असती. मी श्रीखंडाचं पातेलं टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "जयंतीभाई, तुमचा आवाज अगदी आमच्या गेममधल्या शिपायासारखा आहे हो!"

मुक्ताने डोळे मिटून घेतले.

पण जयंतीभाईंच्या चेहऱ्यावरची ती रेघ हलली. "गेम? टँकवाळी गेम? हुं पण रमुं छूं!"

काय सांगता! तेही खेळतात! हार्दिकच्या नव्या यंत्रावर, रोज दुकानातून जेवायला आले की. गप्पांना तोंड फुटलं बघा. मी म्हटलं, माझ्यात कॉम्प्युटर गुजराती बोलतो. ते म्हणाले, माझ्यात तर मराठी बाई बोलते!

"म्हणजे यंत्रांची अदलाबदल झाली!" मी निकाल दिला. "मराठी घरात गुजराती आणि गुजराती घरात मराठी. हार्दिक, खोकी चुकली तुझी!"

"सो टका!" जयंतीभाई म्हणाले.

हार्दिकचा पुरीचा घास हातातच राहिला होता. मला वाटलं, चूक पकडली म्हणून ओशाळला.

"बाई कशी आहे पण तुमची?" मी विचारलं.

"सारी छे," म्हणजे चांगली आहे, असं ते सांभाळून म्हणाले. "पण बोलते फार. आणि रागावते." मग एकदम आठवल्यासारखं करून माझ्याकडे वळले. "बेन, तमे तो शिक्षक छो. मने कहो, मराठीमां ठोंब्या एटले शुं? मोटो सरदार?"

वाढायचा डाव माझ्या हातातून पातेल्यात पडला. श्रीखंड ह्यांच्या चष्म्यावर उडालं.

हार्दिक हळूच म्हणाला, "मासी... पप्पा... मी दोन्ही यंत्रं एकमेकांच्या यादीत टाकून ठेवली होती. ओळखीचं कुणी खेळायला बसलं तर गेम त्यालाच जोडीला घेतो. कॉम्प्युटर नव्हताच तो. आणि हेडफोनला पुढे जी दांडी असते, तो माइक."

होणाऱ्या व्याह्यांना मी रोज, जेवायच्या वेळी, मुक्तकंठाने ठोंब्या म्हणत होते! त्यांचा काका काढला होता! मुक्ताचं लग्न मला धुरळ्यात दिसायला लागलं, त्या गेममधल्या भिंतीसारखं.

पहिल्यांदा कोकिलाबेन फुटल्या. पदर तोंडाला लावून हसताहेत नुसत्या! "तरी म्हटलं, हे टीव्हीसमोर बसून 'हा, हा, जाऊं छूं' कुणाला म्हणतात! मला तर कधी असं ऐकत नाहीत!"

मी हात जोडले. "जयंतीभाई, फार चुकलं. ठोंब्या म्हणजे... म्हणजे जरा... भोळा माणूस."

"मूर्ख," आमच्या ह्यांनी चष्मा पुसत भाषांतर केलं. काय गरज होती का?

जयंतीभाईंनी वाटी खाली ठेवली. चेहरा पुन्हा तसाच, दगडी. मग म्हणाले, "वेवाण, ठोंब्यानुं कांई नहीं."

वेवाण म्हणजे विहीणबाई! ऐकलंत ना? लग्न ठरलं की हो! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुक्ताने तर माझा हात धरला.

पण ते अजून बोलत होते. अगदी गंभीरपणे, मोडक्यातोडक्या मराठीत, खास मला कळावं म्हणून.

"मला वाटला, कॉम्प्युटरच आहे. म्हणून मी हार्दिकला विचारला, माझा जोडीदार लई कच्चा आहे, जरा हुशार कसा करायचा? तो बोलला, सेटिंगमध्ये जा. मी रोज जातो, वेवाण. साधा होता, मध्यम केला. मध्यमचा हुशार केला. हुशारचा महाहुशार केला. कांई फरकच नाही! शेवटी मी कोकिलाला बोललो, मराठीमध्ये हे बटणच चालत नसेल."