मेन्सासाहेब, मुक्काम भाईंदर

बँकेतून रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी जातात, मी किस्से घेऊन आलो! त्यातले निम्मे तर एकाच माणसाचे, आणि तो आमच्या भाईंदर शाखेत जेमतेम सहा महिने होता.

मेन्सासाहेब. पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचे. तिकडे वीस वर्षं सरकारी अधिकारी होते. ती नोकरी सोडून एका नव्या बँकेत गेले, आणि खेड्यातलं काम शिकायला बँकेने त्यांना इकडे पाठवलं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी क्लार्क. माझं इंग्रजी बरं, म्हणून त्यांचा दुभाषी मीच.

पहिल्याच दिवशी मॅनेजर सावंतसाहेबांनी विचारलं, "अहो, सरकारी नोकरी कोणी सोडतं का?"

मेन्सासाहेब म्हणाले, "तिथे लोक माझ्या टेबलाशी यायचे. आता मी त्यांच्या दारात जाणार."

मी हे मराठीत सांगताच आमचा शिपाई गणपत हळहळला, "अरेरे, म्हणजे साहेबाचा शिपाई झाला!"

* * *

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. आम्ही रत्नागिरीकडचे. आई बायकोला बजावत होती, "परदेशी पाहुणा आहे, तिखट बेताने घाल हो."

साहेबांनी कोलंबीचा एक घास घेतला आणि हळूच मला विचारलं, "घरातली मिरची संपलीय का?"

* * *

खाती उघडायला आम्ही एसटीने उत्तनच्या कोळीवाड्यात गेलो. किनाऱ्यावर बायका बोंबील वाळत घालत होत्या. बँक म्हटल्यावर एकही बाई मान वर करेना. साहेबांनी एक बोंबील उचलला, वास घेतला आणि म्हणाले, "याला अजून एक दिवस ऊन हवं."

मी मराठीत सांगितलं. त्यांच्यातली वडीलधारी फिलोमिनाबाई ओरडली, "गो, ह्यो तं आपलाच हाय!"

त्या दिवशी अकरा खाती उघडली!

* * *

परतताना मी म्हटलं, "मासळीतलं बरंच कळतं तुम्हाला."

"माझी आई सुकी मासळी विकते," ते म्हणाले. "मी अधिकारी असताना तिने मासे वाळवायच्या शेडसाठी अर्ज केला होता. जागेचे कागद नव्हते. मी नामंजूर केला. तरी दुसऱ्या दिवशी तिने मला जेवणाचा डबा पाठवला."

"मग?"

"तो डबा खाल्ला आणि राजीनामा लिहिला."

पुढे ते तिकडे बँकेचे मोठे साहेब झाले. मला लिहिलेल्या पत्रात मात्र पदाचा उल्लेख एका ओळीत, बाकी दोन पानं उत्तनची चौकशी!

* * *

आता सगळ्यात भारी किस्सा. मेन्सासाहेब शाखेत असतानाच फिलोमिनाबाईंनी शेडसाठी कर्ज मागितलं. वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला उत्तनला आले, सोबत मेन्सासाहेब आणि मी. तपासणीचे साहेब खुर्चीवर बसून म्हणाले, "घराचे कागद नाहीत, जमीन नाही. बाई, मग तारण काय ठेवणार?"

बाईंनी पदराला हात पुसले. "सायब, आमी आमचं पैसं तुमच्या बँकेत ठेवलं. तवा तुमी आमच्याकडं काय तारण ठेवलं?"

मी पटकन मेन्सासाहेबांना इंग्रजीत सांगितलं. तपासणीच्या साहेबांनी फाइल ओढली आणि सही केली.

मेन्सासाहेबांनी मात्र खिशातून वही काढली, बाईंचं वाक्य लिहून घेतलं आणि मला म्हणाले, "बाईंचं पूर्ण नाव सांग. स्पेलिंगसकट."