वेणीपुरते आभार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुखण्यातून उठलेल्या माणसाने उपासनेत उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केले याची साक्ष द्यायची रीत होती. काखेपर्यंत चिरून छातीतली कॅन्सरची गाठ काढल्यावर मी मिशनच्या इस्पितळातून कॅसलरॉकला परतले, तेव्हापासून आई त्या रविवाराची वाट पाहत होती. मला मात्र स्वस्थता नव्हती. डॉक्टरीणबाई 'बरी झालीस' म्हणाल्याच नव्हत्या. 'पावसाळ्यानंतर पुन्हा पाहू' म्हणाल्या होत्या.

"देवानं पूर्ण बरं केलं, एवढंच म्हण," आई म्हणाली.

"आणि केलं नसलं तर?"

"इंग्रजी शाळेत घातली तीच चूक झाली. हिचं आपलं प्रत्येक गोष्टीत 'तर' आहेच!"

ती रुसली. माझा हात वर जात नसल्याने रोज माझी वेणी तीच घालायची, पण त्या रविवारी सकाळी फिरकलीच नाही.

पाळक गाडीने आले. उपासना आमच्या रेल्वे क्वार्टरातच होती. गीत संपले आणि सगळे माझ्याकडे वळले. मी उठले. पदराखाली जखम ओढत होती, क्लोरोफॉर्मचा वास नाकातून गेला नव्हता. देवाच्या नावाने, देवासमोरच खोटे कसे बोलायचे?

"आज मी माझी वेणी स्वतः घातली," मी म्हणाले. "हात डोक्यापर्यंत गेला. त्याबद्दल देवाचे आभार. पुढचं मला ठाऊक नाही."

कोणीच आमेन म्हणेना. आई माझ्या पाठीकडे बघत होती.

"वाकडी झालीय," ती पुटपुटली आणि मग मोठ्याने म्हणाली, "आमेन."

मी बसले. बोटे मात्र काखेतल्या टाक्यांकडे पुन्हा पुन्हा जात राहिली.