बाईंच्या पेटीतलं गाणं

एवारिस्तो झानोत्ती हा इटलीतल्या फाएन्झाजवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या ऑर्गनवाल्याचा मुलगा. नाव कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्याला पहिला ऑपेरा रचायला मिळाला तोही कार्निव्हलचा नाटकांचा हंगाम तोंडावर आल्यावर, दुसऱ्या कुणी नाही म्हटलं म्हणून. डोळ्याला डोळा न लावता त्यानं तो पुरा केला. त्यातलं तुरुंगातलं गाणं मात्र त्याच्या काळजाचा तुकडा. वडील, म्हातारे अन्सेल्मो, पार थकले होते. डोळे मिटण्याआधी त्यांनी आपलं हे एक गाणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

रंगीत तालमीला मुख्य गायिका ओर्तेन्सिया बाईंनी आपली प्रवासाची पेटी उघडली. मेली ती पेटी! दुसऱ्याच कुणाचं, हमखास टाळ्या घेणारं गाणं तिच्यात बाळगायचं आणि मिळेल त्या ऑपेरात घुसवायचं, ही या बायांची जुनीच खोड.

"मास्तर, तुमचं गाणं गोड आहे हो," बाई म्हणाल्या, "पण माझ्या गळ्याला बसत नाही. तुरुंगात मी माझंच म्हणेन."

एवारिस्तोनं थिएटरच्या ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदारानं छताकडे पाहिलं. बाई रुसल्या तर पडदाच वर जायचा नाही. भांडायला अंगात त्राण लागतं, ते त्याच्यात उरलं नव्हतं. तो बरं म्हणाला.

पहिले तीन खेळ मास्तरनं वादकांत, लोकांच्या डोळ्यांसमोर बसायचं, असा रिवाज. जे होईल ते तोंडावर झेलायचं. लोकांनी पहिला अंक जांभया देत ऐकला. बाईंच्या गाण्याला मात्र थिएटर डोक्यावर घेतलं आणि मास्तरच्या नावानं हाका सुरू झाल्या. ठेकेदारानं ढकलून उभं केलं तसा तो वाकला, दुसऱ्याच्या सुरांसाठी. लाज वाटायलाही तो फार दमला होता.

त्या पहिल्या खेळाला अन्सेल्मो बैलगाडीतून, घोंगडीत गुंडाळून आले होते. जन्मात थिएटरची पायरी न चढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी मक्याच्या पिठाच्या पोलेंटाचं ताट समोर होतं, पण ते खात नव्हते. बाकीचं यथातथाच, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

"पण पोरा, ते तुरुंगातलं गाणं! उभा जन्म मी बोटं झिजवली, मला असं कधी सुचलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. सांगून टाकावं, म्हणून एवारिस्तोनं तोंड उघडलं. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि पोलेंटावर चीज किसू लागला.

"जेवा, बाबा. निवतंय."

उन्हाळ्याआधीच अन्सेल्मो गेले. माझ्या मातीला तेच गाणं वाजव, असं सांगून गेले होते. एवारिस्तो त्यांच्या ऑर्गनवर बसला आणि त्यानं बाईंचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं.