पहिला कंटेनर आणि तुमचं गाणं

सई, अन्वय — हे तुमच्या आजीने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या काकाला तर नाहीच. लिहायला बसले की आधी कपाट आवरते, मग चष्मा पुसते — आणि दिवस संपतो.

काकाचं आंदर मावळातलं गुलाबाचं पॉलिहाऊस तुम्ही पाहिलंय. पूर्वी फुलं विमानाने जायची. ते भाडं परवडेना. घाटाखालच्या बंदरात पाणी खोल, मोठाली जहाजं थेट धक्क्याला लागतात. कंटेनर गार राहिला तर गुलाब समुद्रानेही दुबईला टवटवीत पोचतो. तसा आपला पहिला कंटेनर निघायचा होता. ट्रेलरवर कुरवंड्याचा शंकर — काकाचा भरवशाचा ड्रायव्हर.

नारळ फोडला, कंटेनरच्या दाराला हळदकुंकू लावलं आणि मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. आठवतंय? गारव्याच्या मशीनचा आवाज केवढा — तुमचं गाणं ऐकू येईना. मी शंकरला म्हटलं, "बंद कर जरा." त्याने केलं. तुम्ही गायलात. मग शेजारणीला ऐकवलं, मग पुन्हा एकदा... ऊन चढत होतं. किती वेळ गेला? खरंच सांगता येत नाही. मधे शंकर काही म्हणाला का? तेही सांगता येत नाही.

दुबईत दार उघडलं तेव्हा फुलं काळवंडलेली होती. मशीन कुठेतरी बंद राहिलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. काका भडकला — डिझेल वाचवायला शंकरनेच घाटात बंद ठेवलं म्हणाला. शंकर शांतपणे म्हणाला, "घाटात न्हाई. हितंच बंद केलतं, मावशींनी सांगितलं म्हनून. इचारा त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — जिच्या स्वयंपाकघरात डब्याडब्यावर नाव चिकटवलेलं असतं — मी म्हणाले, "मला आठवत नाही."

का म्हणाले? पोटच्या मुलाला घाबरले? की तुमचं कौतुक अंगाशी आलं, याची लाज वाटली? आणि फुलं तेवढ्यानेच गेली, की बंदराच्या रांगेत ट्रेलर ताटकळला तेव्हा? उलटसुलट किती विचार केला, गुंता सुटत नाही. पक्कं एवढंच — मला आठवत होतं.

शंकरचं काम गेलं. पुढे बंदराच्या कुठल्याच गाडीवर त्याला कुणी घेईना.

आता तो लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवतो. परवा बाजारात समोर आला. मान फिरवेल असं वाटलं — पण थांबला. म्हणाला, "मावशी, पोरं बरी हायत न्हवं? त्या दिशी लय ग्वाड गायली हुती."

मी म्हणाले, "बरी आहेत." भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागले.