वदीमाच्या डोळ्यातले दोरे

वदीमा चालता चालता झोपते, असं अमिरातीतल्या अल ऐन शहरात तिला ओळखणारी निम्मी माणसं म्हणतात. सासू तर तोंडावर म्हणायची, "हिला दारात उभा राहिलेला उंट दिसायचा नाही, पण पिठातला केस दहा हातांवरून दिसतो." म्हातारीचं बोलणं खोटं नव्हतं. त्या केसावरच तर वदीमाची अकरा वर्षांची नोकरी उभी होती.

शहराबाहेरच्या कारखान्यात विमानाच्या पंखांचे भाग बनतात. धातूचे नव्हेत, कापडाचे. कार्बनचं काळं, चिकट कापड साच्यावर थरावर थर अंथरायचं, वरून प्लास्टिक ताणून आतली हवा ओढून घ्यायची आणि मोठ्या भट्टीत दाबून शिजवायचं. शिजलं की पोलादानं लाजावं असं होतं. पण मध्ये एखादा केस, कागदाचा कपटा, हातमोज्याचा धागा राहिला, तर तिथे थर एकमेकांना धरत नाहीत. मागाहून यंत्र तपासतं, पण एवढंसं काही यंत्रालाही चकवून जातं. म्हणून प्रत्येक थरानंतर वदीमा यायची. दिवा आडवा धरून साच्याभोवती सावकाश फिरायची. तिरप्या उजेडात ते कापड खजुराच्या बागेतल्या पाटाच्या पाण्यासारखं हलल्यागत दिसायचं, आणि वदीमा त्या पाण्याच्या काठाकाठाने कुठल्या कुठे निघून जायची. सुख होतं बाई तिथे! घरी थोरला राशिद धरून चार पोरं, सासरे, येणारेजाणारे. इथे नुसतं काळं पाणी आणि शांतता. फेरी झाली की ती कागदावर आपला शिक्का उठवायची. त्या शिक्क्याशिवाय पुढचा थर पडत नसे.

खजूर उतरत होते, त्या दिवसांत एकदा तिला कापडावर केस दिसला. चिमटा नेला तर केस सरकला. पुन्हा नेला, पुन्हा सरकला. तिला हसूच आलं. मग ध्यानात आलं की केस कापडावर नाही, आपल्याच डोळ्यात आहे. आठवड्याने दुसरा आला, मग तिसरा. खरं सांगायचं तर तिला ते आवडले. दुपारी ती बाहेर भिंतीशी डबा घेऊन बसायची, आभाळाकडे बघायची, आणि ते धागे अलगद वर जायचे, डुलत खाली यायचे. एक आकड्यासारखा वळलेला, एक गाठ पडलेला, एक तर गोगलगायीसारखा गुंडाळलेला. असे सात होते. सातही तिच्या ओळखीचे झाले.

पण सांगितलं मात्र कुणालाच नाही. सांगितलं की शिक्का जाणार, आणि शिक्का गेला की परत कापड कापायच्या खोलीत जाऊन बसा. वर्षाच्या तपासणीत तिने फळ्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली आणि सुटली. अक्षरं वाचणाऱ्याला धाग्यांचं कोण विचारतंय! तिने आपल्यापुरता नियम केला. नजर थांबवायची. सरकला तो माझा, थांबला तो कापडाचा.

थर अंथरणाऱ्या बायकांची मुकादम अफरा, तोंडाने तिखट. त्या दिवशी तर ती निखाऱ्यावर उभी होती. धाकट्या बहिणीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं.

"आटप गं बाई! तीनला मेंदीवाली येऊन बसेल. मी दिसले नाही तर माझीसुद्धा मेंदी ती बहिणीच्या सासूला काढून जाईल."

"बघू तर दे."

"बघ, बघ! कापडावर स्वप्नं पडतात वाटतं तुला."

चौदाव्या थरावर, काठाशी, वदीमाला एक फिकट दोरा दिसला. तिने नजर थांबवली. सरकला का? सरकल्यासारखा वाटला. माझाच, असं मनात म्हणून तिने शिक्का मारला. वर आणखी चार थर पडले, प्लास्टिक ताणलं गेलं. दोन वाजता तुकडा भट्टीत जायचा होता.

वदीमा डबा घेऊन बाहेर बसली. आभाळ स्वच्छ होतं. तिचे धागे वर आले, खाली गेले. आकडा, गाठ, गोगलगाय. सात. सगळे वाकडेतिकडे. आणि काठाशी दिसलेला तो? तो तर पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

तिने हातातली भाकरी खाली ठेवली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डोळे मिटून उघडले. सातच.  उरलासुरला डबा तिथेच टाकून ती धावत आत गेली.

"अफरा, प्लास्टिक काढ. चौदाव्यावर काहीतरी आहे."

"शुद्धीत आहेस ना? कापडाच्या पाठीचे सोललेले निळे कागद मोजलेत मी, एक कमी नाही!"

"कागद नाही, दोरा. काढ म्हणते ना!"

अफराने तिला, तिच्या डोळ्यांना आणि त्या मेंदीवालीलाही लाखोली वाहिली, पण काढलं. चिकट थर सोलता सोलता बायका घामाघूम झाल्या. तीन वाजून गेले. चौथा थर उचलला, आणि काठाशी बोटभर लांब, पांढरा, सरळ दोरा. हातमोज्याचा.

तपासणीचा प्रमुख खलफान धावत आला. "शाबास, राशिदच्या आई! चार थरांखालचं दिसतं तुम्हाला? आता यंत्रं मोडीत काढतो मी."

सगळ्या हसल्या. अफरासुद्धा. "आमची वदीमा आहेच तशी," म्हणाली, मेंदी विसरून.

कुणी काही विचारत नव्हतं. वदीमा नुसती हसली असती तरी निभावलं असतं. पण तिला आठवलं, खजूर उतरल्यापासून आपण रोज, थराथराला, 'माझाच' म्हणत आलो. तिने शिक्का टेबलावर ठेवला.

"खलफान, दोरा मला तेव्हाच दिसला होता. मीच सोडला. माझ्या डोळ्यात दोरे फिरतात. वाटलं, त्यातलाच असेल."

खलफानचं हसू मावळलं. "कधीपासून?"

"तीन महिने झाले. एकोणीस तुकड्यांवर माझा शिक्का आहे. सगळे पुन्हा बघा."

अफराने तिचं कोपर ओढलं. "डोकं फिरलं का तुझं? दोरा मिळाला ना? कोण विचारत होतं तुला?"

"त्या विमानांत माणसं बसतात गं, अफरा," वदीमा म्हणाली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागली.

खलफानने शिक्का उचलून खिशात टाकला. "हा परत मिळेल की नाही, आज मला सांगता येत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि एकोणिसांतले बारा तर इथून गेलेसुद्धा."

 मग अफराने हातमोजे काढले, एकीला सांगितलं, "माझ्या घरी फोन कर, मेंदीवालीला म्हणावं, जा," आणि खुर्ची ओढून वदीमाजवळ बसली. आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसले.

"कुठल्या कुठल्या तुकड्यावर काय दिसलं होतं, ते एकेक करून सांग. मी लिहिते."

वदीमाने डोळे मिटले आणि पहिला तुकडा आठवायला सुरुवात केली.